‘इंडियन’ म्हणजे नेमकं कोण? क्लबातल्या एका डावाचा इतिहास

(राजारामपुरी, कोल्हापूर इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



आजचा विषय बुद्धिबळाचा आहे. पण ज्यांना बुद्धिबळ फारसं येत नाही त्यांनी उठून जायचं कारण नाही. घोडा अडीच घरं जातो, उंट तिरका जातो, हत्ती सरळ जातो, एवढं लहानपणी कधीतरी शिकला असाल तर आजच्यापुरतं ते पुरे आहे. मी स्वतः क्लबातला साधा खेळाडू. माझा पेशा तत्त्वज्ञान शिकवण्याचा. त्यामुळे मी आज जे सांगणार आहे त्यात चालींपेक्षा नावांची चर्चा जास्त असेल.

रविवारी सकाळी राजारामपुरीच्या एखाद्या गल्लीत दोन माणसं पट मांडून बसलेली आहेत असं समजा. एक बँकेतून निवृत्त झालेले, दुसरा अकरावीतला मुलगा. निवृत्त गृहस्थ पांढरे मोहरे घेऊन वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवतात. मुलगा राजाच्या बाजूचा घोडा बाहेर काढतो. मग घोड्याच्या ओळीतलं प्यादं एकच घर पुढे करतो, मोकळ्या झालेल्या घरात उंट आणून बसवतो आणि कॅसलिंग करून राजा कोपऱ्यात नेतो. शेजारी उभा असलेला कुणीतरी म्हणतो, ‘अरे वा, किंग्ज इंडियन!’ मुलगा मान हलवतो. त्याला ते नाव ठाऊक आहे. मोबाइलवर त्यानं त्याचे पन्नास व्हिडिओ पाहिलेत.

आता माझा प्रश्न एवढाच आहे, की या नावातला ‘इंडियन’ कोण? ‘किंग्ज इंडियन’, ‘क्वीन्स इंडियन’, ‘निम्झो-इंडियन’, ‘ओल्ड इंडियन’. बुद्धिबळाच्या जागतिक पुस्तकात आपल्या देशाचं नाव इतक्या वेळा येतं आणि आपण कधी विचारत नाही, की हा मान आपल्याला कुणामुळे मिळाला? त्या माणसाला नाव होतं की नाही?

त्याला नाव होतं. महेशचंद्र बॅनर्जी. बंगालचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ते कलकत्त्यात जॉन कॉक्रन नावाच्या एका स्कॉटिश बॅरिस्टराबरोबर बुद्धिबळ खेळत असत. कॉक्रन साधा माणूस नव्हता. १८२२ साली त्यानं बुद्धिबळावर ग्रंथ लिहिला होता. वकिलीसाठी तो हिंदुस्थानात आला. १८४० नंतरच्या दोन-तीन वर्षांत तो इंग्लंडला परतला होता, तेव्हा हॉवर्ड स्टाँटनसारख्या त्या काळच्या अव्वल खेळाडूशी त्याचे पुष्कळ डाव झाले. मग तो पुन्हा कलकत्त्याला आला. अशा माणसाला इथे तोडीस तोड कोण मिळणार?

लंडनहून स्टाँटनचं एक मासिक निघत असे, ‘चेस प्लेयर्स क्रॉनिकल’. १८५० साली कलकत्त्याच्या क्लबातल्या एका सभासदाचं पत्र त्यात छापून आलं. त्यातली हकिकत अशी, की दूर मुफस्सलात, म्हणजे आपण ज्याला गावाकडे म्हणतो तिकडे, बुद्धिबळात कधीच न हरलेला एक ब्राह्मण आहे असं कानावर आलं. तेच हे महेशचंद्र. देशी नियमांवर वाढलेला हा माणूस कलकत्त्याच्या पटावर आला आणि पुढची कित्येक वर्षं कॉक्रनशी खेळत राहिला. या दोघांचे शेकडो डाव आज उपलब्ध आहेत. का उपलब्ध आहेत? कॉक्रननं ते लिहून ठेवले म्हणून. हे वाक्य जरा लक्षात ठेवा. आपण पुन्हा इथे येणार आहोत.

आता त्यातला एक डाव पाहू. १८५५ सालचा मे महिना. पांढरे मोहरे कॉक्रनकडे, काळे महेशचंद्रांकडे.

कॉक्रननं वजिरापुढचं प्यादं दोन घरं चालवलं, डी४. महेशचंद्रांनी घोडा एफ६ वर आणला. कॉक्रन सी४. महेशचंद्रांचं प्यादं जी६, एकच घर. कॉक्रनचा घोडा सी३. इथवर आपला राजारामपुरीचा मुलगाही असाच खेळला असता. आणि आता महेशचंद्रांनी मधलं प्यादं दोन घरं टाकलं, डी५. मग ई३, उंट जी७. घोडा एफ३, कॅसलिंग. पांढऱ्या प्याद्यानं डी५ वरचं प्यादं मारलं, घोड्यानं ते परत घेतलं. उंट ई२. काळ्या घोड्यानं सी३ वरचा घोडा मारला, पांढऱ्यानं प्याद्यानं घेतलं. आणि आठवी चाल, काळ्याचं सी५.

ज्यांनी ओपनिंगचं पुस्तक चाळलं आहे त्यांना हे ओळखता येईल. हा ग्रुनफेल्ड डिफेन्स आहे. यातली कल्पना थोडक्यात सांगतो. पांढऱ्याला मध्यभागी प्यादी उभी करू द्यायची, आपण तिथे गर्दी करायची नाही. लांबून, कोपऱ्यातल्या उंटानं आणि बाजूच्या प्याद्यानं त्या मध्यावर मारा करायचा. एन्स्ट ग्रुनफेल्ड या व्हिएन्नाच्या खेळाडूनं हा बचाव १९२२ साली मोठ्या स्पर्धांत आणला, त्याच वर्षी अलेखाइनला त्यानं हरवलं, आणि बचावाला त्याचं नाव लागलं. कलकत्त्यातला डाव त्याच्या सदुसष्ट वर्षं आधीचा आहे. या ओपनिंगचा आज आपल्याला ठाऊक असलेला सगळ्यात जुना डाव तोच.

मग महेशचंद्र जिंकले का? नाही, हरले. आणि कसे हरले तेही बघण्यासारखं आहे. चौदाव्या चालीला त्यांनी एफ८ वरचा हत्ती ई८ वर नेला. दिसायला निरुपद्रवी चाल. पण एफ७ वरच्या प्याद्याला आता जोर फक्त राजाचा उरला. कॉक्रनचा वजीर बी३ वर उभा होता, त्याच तिरक्या रेषेत. त्याचा हत्ती सी५, मग बी५ असा फिरून काळ्या वजिराला हुसकावत गेला आणि सतराव्या चालीला घोडा जी५ वर आला. महेशचंद्रांनी ई२ वरचा उंट मारला. घोड्यानं एफ७ चं प्यादं उचललं. महेशचंद्रांनी स्वतःचा घोडा ए५ वर टाकून वजिरावर हल्ला केला. वाटलं असेल की वजीर आता हलेल. वजीर हलला नाही. घोडा हलला, एच६ वर, आणि एकाच वेळी घोड्याचा आणि वजिराचा असा दुहेरी शह बसला. राजा कोपऱ्यात एच८ ला गेला. कॉक्रननं वजीर जी८ वर नेऊन चक्क बळी दिला. हत्तीला तो घ्यावाच लागला. आणि घोडा परत एफ७ वर. मात. काळ्या राजाला हलायला घर नाही, कारण एका बाजूला स्वतःचा हत्ती, समोर स्वतःचं प्यादं, आणि तिरक्या घरात स्वतःचाच उंट. गंमत बघा, ज्या उंटाच्या जोरावर ही सगळी ओपनिंग उभी, त्यानंच शेवटी राजाचा दरवाजा अडवला.

हा क्लबातला डाव आहे, मंडळी. जगज्जेतेपदाचा नाही. ओपनिंग उत्तम, मध्य बरा, आणि एका बेसावध चालीवर खेळ खलास. दर रविवारी आपल्याकडे असंच होतं. पण म्हणून त्या ओपनिंगचं मोल कमी होत नाही. डाव हरला म्हणजे कल्पना हरली असं नसतं. तत्त्वज्ञानात हे आम्ही रोज सांगतो: निष्कर्ष चुकला म्हणून प्रत्येक विधान चुकीचं ठरत नाही.

आणि महेशचंद्र नेहमी हरत होते असंही नाही. दोघांच्या आणखी एका डावात महेशचंद्र काळे मोहरे घेऊन पुन्हा तीच मांडणी करतात. डी६, जी६, उंट जी७, घोडा एफ६. कॉक्रन चार प्यादी एका रांगेत पुढे ढकलतो, सी पासून एफ पर्यंत. आज याला ‘फोर पॉन्स अॅटॅक’ म्हणतात. महेशचंद्र मध्यभाग फोडतात, एक घोडा देतात, आणि मग एक क्षण असा येतो की कॉक्रन त्यांचा वजीर मारतो. ते तिकडे बघतही नाहीत. त्यांचं प्यादं जी२ वर मारत जातं, ते हलल्याबरोबर मागच्या उंटाची रेषा उघडते, आणि त्या रेषेच्या टोकाला कॉक्रनचा वजीर उभा असतो. हिशेब चुकता होतो आणि डाव महेशचंद्र जिंकतात. कोपऱ्यातला उंट, मागे राखलेली प्यादी, आणि योग्य वेळी मध्यावर घाव. पुढे शंभर वर्षांनी सोव्हिएत खेळाडूंनी, ब्रॉनस्टाइन आणि बोलेस्लाव्हस्की यांनी, ज्या बचावाला मान मिळवून दिला, आणि मग फिशर व कास्पारोव्ह ज्याच्या जोरावर जिंकले, त्याचा आत्मा हाच.

आता प्रश्न असा, की महेशचंद्रांना हे सुचलं कुठून? पुस्तक वाचून नव्हे. त्या काळच्या युरोपीय पुस्तकांत राजापुढचं प्यादं दोन घरं आणि समोरून तेच, हा राजमार्ग होता. जी६ म्हणजे भित्र्या माणसाची चाल समजली जाई.

याचं उत्तर देशी बुद्धिबळाच्या नियमांत आहे. आपल्यापैकी जे सत्तरीच्या पुढचे आहेत त्यांनी वाड्याच्या ओसरीवर हा खेळ पाहिलेला असेल. देशी खेळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं. कॅसलिंग नाही. त्याऐवजी शह बसलेला नसेल तर राजाला डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मिळते. प्यादं शेवटच्या घरात पोचलं तर हवा तो मोहरा मागता येत नाही, ज्या मोहऱ्याच्या ओळीत ते पोचलं तोच मोहरा मिळतो. आणि प्याद्यानं मात करणं, म्हणजे प्यादेमात, हा सर्वांत मोठा मान. मराठीत तो शब्द अजून जिवंत आहे, खेळ विसरला तरी.

ज्या खेळात प्यादी एकेक घर सरकतात तिथे मधे धावत जाऊन टक्कर देता येत नाही. आधी घर बांधावं लागतं. मग बाजूचं प्यादं एक घर पुढे, मागे उंट, राजा आडोशाला, ही मांडणी आपोआप हाताला बसते. महेशचंद्रांनी युरोपीय नियम शिकले, पण हात जुनाच राहिला. फिलिप सार्जंट या इंग्रज लेखकानं १९३४ साली ब्रिटिश बुद्धिबळाचा इतिहास लिहिला, त्यात त्यानं हे मोकळेपणानं मान्य केलं आहे, की कोपऱ्यात उंट बसवण्याचे हे बचाव युरोपला शिकवण्यात महेशचंद्र आणि इतर भारतीय खेळाडूंचा मोठा वाटा आहे आणि त्यांना ते स्वतःच्या खेळाकडून वारशानं मिळालेले होते. त्याच्यासमोर ताजं उदाहरण होतं मीर सुलतान खान यांचं. पंजाबातल्या मिठा टिवाण्याचा हा माणूस नवव्या वर्षी वडिलांकडून देशी बुद्धिबळ शिकला, १९२९ मध्ये लंडनला गेला, आणि १९२९, १९३२, १९३३ असा तीन वेळा ब्रिटिश विजेता झाला. हेस्टिंग्जला त्यानं कॅपाब्लांकाला हरवलं. त्यालाही हीच मांडणी प्रिय होती.

म्हणजे नियमाच्या एका मर्यादेतून, प्यादं एकच घर जायचं या बंधनातून, एक शैली जन्मली. बंधन गेलं तरी शैली राहिली. आणि मोकळ्या नियमांच्या खेळात तीच नवी कल्पना ठरली. इतिहासात असं बरेचदा होतं.

आता नावाकडे येऊ. इथे मला आपल्या न्यायदर्शनाची मदत घ्यायची आहे. शब्दाचा अर्थ काय, ‘गाय’ म्हटल्यावर नेमकं काय कळतं, यावर गौतमाच्या न्यायसूत्रांत मोठी चर्चा आहे. तिथे तीन गोष्टी पुढे येतात: व्यक्ती, आकृती आणि जाती. व्यक्ती म्हणजे ही समोर उभी असलेली एक गाय. आकृती म्हणजे गाईची घडण, शिंगं, शेपूट, अवयवांची रचना. जाती म्हणजे गाईपण, सगळ्या गाईंमध्ये समान असलेलं. इथे जाती या शब्दाचा आपल्या सामाजिक जातीशी संबंध नाही, हे सांगून ठेवतो.

आता ओपनिंगांची नावं या तीन खणांत टाकून बघा. ग्रुनफेल्ड, अलेखाइन, फिलिडोर, पेट्रॉफ ही व्यक्तींची नावं. ‘ड्रॅगन’ म्हणजे सिसिलियनमधला तो प्रकार, ज्यात प्याद्यांची रांग अजगरासारखी वळते, हे आकृतीचं नाव. ‘फ्रेंच’, ‘स्कॉच’, ‘इंडियन’ ही देशांची, म्हणजे जातीची नावं.

तुम्ही म्हणाल, फ्रेंचांनाही देशाचंच नाव मिळालं की. बरोबर. पण मी तुम्हाला एक जोडी दाखवतो. पेट्रॉफ बचावात एक धाडसी प्रकार आहे. पांढरा चौथ्या चालीलाच एफ७ वर घोडा देऊन टाकतो आणि काळ्या राजाला बाहेर ओढतो. याला ‘कॉक्रन गॅम्बिट’ म्हणतात. १९९९ साली लिनारेसला टोपालोव्हनं क्रॅमनिकविरुद्ध तो खेळून सगळ्यांना चकित केलं होतं. हा गॅम्बिट पहिल्यांदा कुठे खेळला गेला? १८४८ साली, कॉक्रनकडून. समोर कोण होतं? महेशचंद्र.

बघा म्हणजे. पट एकच. बसलेली माणसं तीच दोन. पटाच्या अलीकडच्या माणसानं काही नवीन केलं तर त्याला त्या माणसाचं नाव मिळालं. पलीकडच्या माणसानं केलं तर त्याला त्याच्या देशाचं नाव मिळालं. अलीकडे व्यक्ती, पलीकडे जाती. ‘इंडियन डिफेन्स’ हा शब्द १८८४ पासून छापात सापडतो, आणि तो याच डावांच्या संदर्भात आलेला आहे. पुढे १९२० नंतर टार्टाकोव्हर वगैरेंनी तो सगळीकडे रूढ केला. महेशचंद्रांचं स्वतःचं नाव इंग्रजी कागदांत धड लिहिलंही गेलं नाही. कुठे मोहेशुंदर, कुठे मोहिशुंदर. कॉक्रनशी खेळणारे दुसरे एक बंगाली खेळाडू होते, त्यांचं नाव ‘सौमचर्न गटॅक’ असं छापलेलं दिसतं. ते श्यामाचरण घटक असणार हे आपल्याला कानानं ओळखावं लागतं.

याला लगेच अन्याय म्हणून मोकळं होता येईल. मी जरा थांबतो, कारण दुसरी बाजूही आहे. जी६ आणि उंट जी७ हा शोध खरंच महेशचंद्रांचा होता का? आत्ताच आपण म्हटलं की ही मांडणी देशी खेळात हाताला बसलेली होती. म्हणजे बंगालपासून पंजाबपर्यंत आणि आपल्या दख्खनपर्यंत, ओसरीवर बसणारे हजारो बिननावाचे खेळाडू याच वळणानं खेळत आले होते. महेशचंद्र त्यांचे प्रतिनिधी. मग ‘बॅनर्जी डिफेन्स’ म्हणण्यापेक्षा ‘इंडियन’ म्हणणंच जास्त खरं नाही का? जातीचं नाव इथे बिननावाच्या माणसांना न्याय देतं, असंही म्हणता येईल.

याउलट ग्रुनफेल्डनं काय केलं? त्यानं तीच चाल विचारपूर्वक, तपासून, युक्तिवादासह मांडली. त्याला ‘का’ माहीत होतं. हाताची सवय आणि जाणून केलेली कृती यांत फरक असतो, हे तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी नाकारू शकत नाही. पण इथेही एक अडचण आहे. जी६ ही सवय मानू. डी५? ती देशी खेळातली सवय नाही, कारण तिथे प्यादं दोन घरं जातच नाही. ती चाल महेशचंद्रांनी नव्या नियमांत, डोकं चालवून खेळलेली आहे. तिच्यामागचा ‘का’ त्यांना ठाऊक नव्हता असं आपण म्हणतो ते कशाच्या आधारावर? त्यांनी लिहून ठेवलं नाही, एवढ्याच आधारावर. न लिहिणं म्हणजे विचार नसणं नव्हे.

या कोल्हापुरात तर तिसराही नमुना आपल्या डोळ्यांसमोर आहे. खासबागेत कुस्ती बघितलेली माणसं इथे बसलेली आहेत. ‘डाव’ हा शब्दच आपण कुस्ती आणि बुद्धिबळ दोन्हीकडे वापरतो. कुस्तीतल्या डावांची नावं आठवा. धोबीपछाड, ढाक, कलाजंग, घिस्सा. यात एकही नाव पैलवानाचं नाही. धोबी कपडा आपटतो तशी पाठ आपटायची, म्हणून धोबीपछाड. ही आकृतीची नावं. तालमीत वस्ताद पोराला आकृती शिकवतो, अंगानं अंगाला शिकवतो, आणि डाव पहिल्यांदा कुणी टाकला हे कुणी विचारत नाही. या पद्धतीत एक मोठेपणा आहे: विद्या कुणाच्या मालकीची नाही. आणि एक धोका आहे: तालीम बंद पडली, की विद्या गेली. मागे कागद नाही.

बुद्धिबळात आपलं नेमकं तेच झालं. आपण काहीच लिहिलं नाही असं मात्र नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजानं, तिसऱ्या सोमेश्वरानं ‘मानसोल्लास’ रचला, त्यात राजाच्या करमणुकीत बुद्धिबळाचं वर्णन आहे. सतराव्या शतकात काशीत नीलकंठ भट्टांनी ‘नीतिमयूख’ लिहिला. हे घराणं मूळचं आपल्या पैठणचं. राजनीतीच्या त्या ग्रंथात बुद्धिबळ आहे, आणि घोड्यानं पटावरच्या चौसष्ट घरांत प्रत्येकी एकदाच फिरून यावं कसं, याची उत्तरं आहेत. १८१४ साली मुंबईत तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांचं पुस्तक इंग्रजीत छापलं गेलं. मूळ संस्कृत, नाव ‘विलासमणिमंजरी’. युरोपीय पद्धतीच्या खेळाला जुळवून घेतलेली कोडी त्यात आहेत. म्हणजे कलकत्त्यातल्या डावाच्या चाळीस वर्षं आधी आपल्या मुंबईत एक शास्त्री दोन्ही खेळांच्या मधे पूल बांधत होते.

पण या ग्रंथांत काय लिहिलं आहे ते नीट बघा. नियम आहेत. घोड्याची फेरी आहे. मात कशी करायची याची कोडी आहेत. म्हणजे पटाचं गणित आहे आणि डावाचा शेवट आहे. अमुक माणूस तमुक माणसाशी पहिल्या चालीपासून शेवटच्या चालीपर्यंत असा खेळला, असा पुरा डाव मात्र या ग्रंथांचा विषय नाही. आपल्या विद्वानांना निष्कर्ष मोलाचा वाटला, तिथवरचा प्रवास नाही. आणि सुरुवात तर देशी खेळात इतकी संथ, की काही भागांत खेळाडू पहिल्या अनेक चाली एकदमच करून मोकळे होत. जी गोष्ट आपण एकदम उरकून टाकतो तिला नाव कशाला द्यायचं? ओपनिंगला नाव लागायचं तर आधी ओपनिंग लिहावी लागते.

कॉक्रननं ती लिहिली. म्हणून महेशचंद्र आज आहेत. ज्या व्यवस्थेनं त्यांचं नाव पुसट केलं, तिच्याच वहीनं त्यांना वाचवलं. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे आणि दोन्ही धरून ठेवायला हवं.

आपल्या भागात हा बदल कसा आला तेही थोडक्यात सांगतो. १९४१ साली भाऊसाहेब पडसलगीकरांनी सांगलीत नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापन केलं. इथून पन्नास किलोमीटरच्या आत. मोठं शहर नाही, मोठी तिजोरी नाही, पण स्पर्धा घ्यायच्या, मुलांना शिकवायचं, हे त्यांनी आयुष्यभर केलं. स्वाती घाटेंसारखी महिला ग्रँडमास्टर सांगलीतून पुढे आली. १९५५ साली एलुरूला पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली, आणि आपले रामचंद्र सप्रे व आंध्रचे डी. व्यंकय्या संयुक्त विजेते ठरले. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंती खाडिलकरांनी जिंकली. आंतरराष्ट्रीय नियम रुजले, त्याबरोबर चाली लिहिण्याची शिस्त आली. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं विश्वचषक जिंकला, तेव्हा तिची प्रत्येक चाल त्याच क्षणी जगभर नोंदली गेली.

पण त्याच काळात ओसरीवरचा देशी खेळ मिटला. सांगली, मिरज, कोल्हापूर, वाई, पुणे, या गावांत जे नावाजलेले खेळाडू होऊन गेले असतील, ज्यांच्या प्यादेमातीच्या गोष्टी आजोबांनी सांगितल्या, त्यांच्या डावांचं काय? कुणी मुफस्सलातला न हरलेला माणूस इथेही असेल. त्याला त्याचा कॉक्रन भेटला नाही.

म्हणून माझं एक साधं मागणं आहे, विशेषतः जे क्लब चालवतात त्यांच्याकडे. स्पर्धेत आपण चाली लिहितो, कारण नियम आहे. स्पर्धा संपली की ते कागद रद्दीत जातात. रविवारचे डाव तर कुणी लिहीतच नाही. एक वही ठेवा. महिन्यातून चार डाव लिहा, फक्त जिंकलेले नव्हे. महेशचंद्रांचा सगळ्यात महत्त्वाचा डाव हरलेला आहे हे विसरू नका. वर दोघांचं पूर्ण नाव, गाव, तारीख. आणि खाली दोन ओळी: ही चाल का केली. मुलीही खेळतात, त्यांचीही नावं तितक्याच ठसठशीत अक्षरात. ‘एका स्थानिक खेळाडूविरुद्ध’ असं कधीही लिहू नका. ‘स्थानिक खेळाडू’ हेच आपल्या पातळीवरचं ‘इंडियन’ आहे.

एखादा प्रश्न असेल तर घेऊ.

श्रोता: सर, मग ‘किंग्ज इंडियन’चं नाव बदलून महेशचंद्रांचं नाव द्यावं असं तुमचं म्हणणं आहे का?

नाही. शंभर वर्षं रुळलेलं नाव ठरावानं बदलत नाही, आणि बदलायची गरजही नाही. ते नाव त्या हजारो ओसरीवरच्या खेळाडूंचं आहे असं मी मानतो. मात्र पोराला ही ओपनिंग शिकवताना पहिला डाव कास्पारोव्हचा दाखवण्याआधी १८५५ चा दाखवा. एकवीस चाली आहेत, दहा मिनिटं लागतात. नाव सांगा, गाव सांगा, आणि एफ७ वर लक्ष ठेव असंही सांगा.

श्रोता: देशी बुद्धिबळ पुन्हा सुरू करता येईल का?

स्पर्धा म्हणून कठीण आहे. पण जुने नियम माहीत असलेली माणसं अजून आपल्या घरांत आहेत. ऐंशीच्या, नव्वदीच्या घरातली. त्यांच्याबरोबर एकदा पट मांडून बसा आणि एक पुरा डाव लिहून घ्या. उडी राजाला नेमकी केव्हा मिळायची, बुर्जी कशाला म्हणायचे, प्यादेमात झाली की काय म्हणायचे, हे त्यांच्याच शब्दांत. गावोगाव थोडा फरक निघेल, तो तसाच ठेवा, सुधारू नका. आणि हे काम दिवाळीनंतर बघू म्हणून ठेवू नका. या रविवारीच करा.